हाताची घडी, तोंडावर बोट

वर्गात शिरले आणि गोंगाट असला की मी एकच वाक्य म्हणते, "हाताची घडी, तोंडावर बोट." आमच्या उर्दू शाळेतही हे वाक्य मराठीतच चालतं. पहिलीच्या पोरांना मराठीची मुळाक्षरं यायच्या आधी हे वाक्य येतं. चाळीस पोरांचे हात एका क्षणात घडी होतात, चाळीस बोटं ओठांवर जातात आणि मला वाटतं, चला, आता शिकवता येईल. या वाक्याने मुलांच्या हातातून नेमकं काय काढून घेतलं जातं, याचा विचार मी इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी केला नव्हता. तो करायला लावला मोबाईलवरच्या एका पानाने आणि माझ्या अम्मीच्या बोटांनी.

गोष्ट २०२० सालच्या जूनमधली. शाळा बंद होत्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. आमची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात आणि मराठी त्यांना भेटते ती दुकानांच्या पाट्यांवर, एसटीच्या फलकावर आणि माझ्या तासाला. व्हॉट्सॲपवर वह्यांचे फोटो यायचे. फोटोत अक्षर बरोबर दिसायचं, पण ते कुठून सुरू केलं, कुठे संपवलं हे कळायचं नाही. उर्दूची मुलं उजवीकडून लिहायला शिकलेली. त्यातली कितीतरी 'ग' काढताना आधी उभा दंड ओढतात आणि मग डावीकडचा आकडा त्याला आणून चिकटवतात. वर्गात असते तर हात धरून सांगितलं असतं. फोटोला हात नसतो.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. तेव्हा तो घरूनच काम करत होता. त्याला म्हटलं, बोटाने अक्षर गिरवता येईल असं काही करता येईल का? तो म्हणाला, "खाला, ॲप नको. लोकांच्या फोनमध्ये जागा नसते. साधं वेबपेज करू. तुम्ही लिंक पाठवायची, मुलांनी उघडायची. आणि करायचं मात्र तुम्हीच, मी फक्त फोनवर सांगणार." एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटपलीकडे कॉम्प्युटरशी माझं फारसं नातं नव्हतं. पण शाळा बंद, संध्याकाळी मोकळ्या. शिकत गेले.

पान साधं होतं. वर उर्दूत दोन-तीन ओळींची सूचना, मध्ये चौकोन, चौकोनात फिकट राखाडी रंगाचं मराठी अक्षर. त्यावर बोट फिरवायचं, की मागे निळी रेघ उमटायची. खाली त्या अक्षराचे दोन-तीन मराठी शब्द आणि उर्दूत त्यांचे अर्थ. सगळ्यात शेवटी बटण, 'पुढचं अक्षर'.

पहिल्याच दिवशी पोरांचे आवाजी मेसेज आले, "टीचर, पान पळतंय!"

पान खरंच पळत होतं. 'प'चा उभा दंड काढायला मुलाने बोट वरून खाली आणलं, की रेघ उमटण्याऐवजी अख्खं पानच बोटाबरोबर खाली यायचं. आणि पान आधीच वरच्या टोकाला असेल तर आणखी मोठा घोटाळा. वरून खाली ओढणं म्हणजे पान पुन्हा लोड कर, अशी क्रोमची समजूत. वर एक गोल चकती फिरायची आणि मुलाने काढलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणजे दंड जितका सरळ आणि लांब, तितकी पाटी कोरी होण्याची खात्री. अक्षर नीट काढणाऱ्या मुलालाच शिक्षा.

भाच्याने समजावलं ते मला वर्गाच्या भाषेत कळलं. बोट काचेवर टेकलं की त्याच्यावर दोघे हक्क सांगतात. एक ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा सफारी. एका बोटाने ओढलं तर पान सरकवायचं, दोन बोटं फाकवली तर मोठं करायचं, दोनदा टिचकी मारली तर त्या जागेवर झूम करायचं, ही त्याची कामं. दुसरं ते पान. त्यालाही त्याच बोटाने काही करायचं असतं, चित्र काढायचं असतं किंवा नकाशा हलवायचा असतो. बोट एकच आणि मालक दोन. मग आधी कोणाचं ऐकायचं?

पूर्वी याचं उत्तर फार अवघड होतं. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक वेबसाइट मोठ्या पडद्यासाठी केलेल्या होत्या. त्या छोट्या काचेवर वाचता याव्यात म्हणून दोनदा टिचकी मारली की मजकूर मोठा होण्याची सोय केली गेली. सोय चांगली, पण तिची किंमत होती. तुम्ही एकदा टिचकी मारली की दुसरी येते का हे पाहायला ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचा. प्रत्येक बटण जरा उशिराने दबायचं. दुसरी अडचण अशी, की पानातल्या प्रोग्रामला प्रत्येक स्पर्श अडवण्याची मुभा होती. त्यामुळे पान सरकवण्याआधी ब्राउझरला दरवेळी विचारावं लागायचं, 'मी सरकवू का? तुला काही हरकत?' प्रोग्रामचं उत्तर येईपर्यंत बोट पुढे आणि पान मागे.

या भांडणावर तोडगा निघाला तो असा, की बोट टेकायच्या आधीच ठरवून ठेवायचं. पानाचा रंग, अक्षराचा आकार, समास हे ज्या शैलीच्या नियमांत लिहितात, त्या सीएसएसमध्येच एक ओळ वाढली, टच-ॲक्शन. मायक्रोसॉफ्टने ती २०१२मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर १०मध्ये आपल्या नावाचा उपसर्ग लावून आणली. २०१४मध्ये क्रोमने घेतली. २०१५मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, ती आपल्या शिफारशीत घातली. आयफोनच्या सफारीत मात्र ती पूर्णपणे यायला २०१९ उजाडलं.

ही ओळ म्हणजे हजेरीच्या वेळीच वर्गाला सांगून ठेवणं, की आज अमुक जागी कोणती हालचाल ब्राउझरने करायची आणि कोणती नाही. 'ऑटो' म्हटलं तर ब्राउझरला सगळी मोकळीक. 'पॅन-वाय' म्हटलं तर त्याने फक्त वर-खाली सरकवायचं, 'पॅन-एक्स' म्हटलं तर फक्त आडवं. 'पिंच-झूम' म्हटलं तर फक्त दोन बोटांनी मोठं-लहान करायचं. 'मॅनिप्युलेशन' म्हटलं तर सरकवणं आणि दोन बोटांचं झूम दोन्ही राहतं, फक्त दोन टिचक्यांचं झूम जातं. आणि 'नन' म्हटलं तर काहीच नाही, सगळी बोटं पानाच्या ताब्यात.

मी 'नन' लिहिलं. तेही चौकोनावर नाही, अख्ख्या पानावर. भाचा त्या दिवशी कामात होता, त्याला विचारलं नाही. आपल्या सवयीप्रमाणे सगळ्या वर्गालाच सांगितलं, हाताची घडी. शिवाय एका नमुन्यातून उचललेली आणखी एक ओळ पानाच्या डोक्यावर घातली, वापरणाऱ्याला पान लहान-मोठं करू देऊ नये, अशी. एका दाराला दोन कुलपं.

पान आता हलेना. पण मग खालचे शब्द दिसायचे कसे? सरकवणंच बंद केलेलं. म्हणून सगळं एकाच स्क्रीनमध्ये बसवायला अक्षरं बारीक केली. वरची उर्दूची सूचना, खालचे शब्द, अर्थ, सगळं आक्रसून घेतलं. नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरत जातो, नुक्ते एकमेकांच्या डोक्यावर येतात, तिला ओळीत उंची लागते. ती उंचीही मी कापली. 'बे', 'पे', 'ते', 'से' यांत फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा. उर्दू शिकवणाऱ्या बाईने नुक्ते राईच्या दाण्याएवढे केले आणि तिला त्यात काही वाटलं नाही, कारण पान आता शिस्तीत उभं होतं.

पोरांच्या नजरा कोवळ्या. त्यांनी तक्रार केली नाही. रेघा उमटू लागल्या, दंड सरळ येऊ लागले. इतर शिक्षकांनी लिंक मागितली. मी खूश होते.

आठ-नऊ महिन्यांनी एक दिवस अम्मी विजेचं बिल घेऊन बसली होती. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी बोलते फर्डं, भाजीवालीशी भाव करताना तिच्या मराठीपुढे माझी बीएड मराठी फिकी पडते. पण वाचता येत नाही. तिच्या लहानपणी कोणी शिकवलं नाही आणि नंतर आम्ही वाचून दाखवणारे होतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. तिने बिलावरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये घ है या ध?"

मी चक्रावले. म्हटलं, अम्मी, तुला हे कुठून माहीत?

तेव्हा कळलं. ती माझ्या पानावर शिकत होती. दुपारी सगळे आपापल्या कामात असताना, माझ्या मुलीकडून लिंक घेऊन. मला सांगायचं नव्हतं, वाचता आल्यावर दाखवायचं होतं. 'क'पासून 'द'पर्यंत आली होती. तिची स्वतःची पद्धत होती. उर्दूत 'गाफ'ला 'दोचश्मी हे' जोडला की 'घ' होतो, 'दाल'ला जोडला की 'ध' आणि 'बे'ला जोडला की 'भ'. ती म्हणे, तुमच्या मराठीने या सगळ्यांना वेगळी वेगळी अक्षरं देऊन कामच वाढवून ठेवलंय. पण 'ध' आला आणि तिला वाटलं हा तर 'घ'च, होऊन गेलेला. पान अडकलं असेल म्हणून ती पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत राहिली. 'ध'च्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते, तिथे गाठ असते, हे मी वर उर्दूत नीट लिहून ठेवलं होतं. ते तिला दिसलंच नव्हतं.

म्हटलं, मोठं करून वाचायचं होतंस ना. नातवंडांचे फोटो करतेस तसं.

तिने फोन घेतला, पान उघडलं, अंगठा आणि तर्जनी काचेवर ठेवून फाकवली. काही झालं नाही. पुन्हा केलं. पदराला बोटं पुसली आणि पुन्हा केलं. मग अगदी सहज म्हणाली, "मेरी उंगलीच खराब है, बेटा. होता नहीं मेरे से."

आणि तिने सोडून दिलं होतं. चार महिन्यांपूर्वीच.

त्या रात्री मला झोप आली नाही. पान बिघडलेलं नव्हतं. पान मी सांगितलं तेच करत होतं. पण जिच्याकडून मी ती हालचाल काढून घेतली, तिला 'इथे हे बंद आहे' अशी पाटी कुठे दिसली नव्हती. रंग चुकला तर दिसतो, शब्द चुकला तर कोणीतरी हसतं. हालचाल बंद केली तर मात्र काहीच दिसत नाही. काच गप्प राहते आणि माणूस आपल्या बोटाकडे बघतो. साठी ओलांडलेल्या बाईला तर असंही सगळ्यांनी सांगून ठेवलेलं असतं, की मोबाईल तुझं काम नाही. तिला वेगळा पुरावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला. त्याने पान उघडून पाहिलं आणि क्षणभर गप्प राहिला. "खाला, अख्ख्या पानावर का लावलंत?" मी म्हटलं, सोपं होतं. तो काही बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मला वाटलं, नियम वर राहू दे, फक्त मजकुराच्या परिच्छेदांवर 'ऑटो' लिहू, तेवढ्या जागी मोकळीक देऊ. लिहिलं, तपासलं, काही फरक नाही. भाचा म्हणाला, या नियमाचा स्वभावच तसा आहे. रंगाचं तसं नसतं. बाहेरच्या चौकटीला काळा रंग दिला तरी आतल्याला लाल देता येतो. पण टच-ॲक्शनमध्ये ब्राउझर बोटाखालच्या तुकड्यापासून वर वर चढत प्रत्येकाला विचारतो आणि सगळ्यांनी मिळून जेवढी परवानगी दिली तेवढीच चालते. सरकवण्यापुरतं हे विचारणं जवळच्या सरकणाऱ्या चौकटीपाशी थांबतं, झूमसाठी मात्र ते थेट मुळापर्यंत जातं. वरच्याने झूम बंद केलं असेल तर खालचा कितीही 'ऑटो' म्हणो, ते उघडत नाही. शिवाय बोट टेकलं त्या क्षणी जो निर्णय झाला तो झाला, मध्येच नियम बदलून त्या स्पर्शाला उपयोग नाही.

हे ऐकून मी थोडा वेळ फोन हातात धरून बसले. घरांत, शाळांत, जमातींत हे मी कमी पाहिलंय का? वर एकदा 'नाही' म्हटलं गेलं की खालच्या प्रेमळ माणसाने दिलेली परवानगी कागदावरच राहते. खरी मोकळीक द्यायची तर 'नाही' म्हणणाऱ्याला जागेवरून उठून आपला हुकूम मागे घ्यावा लागतो. इथे ती वरची मीच होते.

मग एकेक करून काम केलं. ते इथे लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडलं तर पडेल.

पानाच्या डोक्यावरची झूम बंद करणारी ओळ काढली. आयफोनचं सफारी २०१६पासून, म्हणजे आयओएस १०पासून, ती ओळ ऐकतच नाही, वाचणाऱ्याला मोठं करूच देतं. अँड्रॉइडवरचा क्रोम मात्र ऐकतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी जबरदस्तीने झूम चालू करण्याचा पर्याय असतो, पण ज्या बाईला वाटतंय की बोटच खराब आहे ती सेटिंगमध्ये कशाला जाईल? मजकूर दुपटीपर्यंत मोठा करता आला पाहिजे, हे डब्ल्यूथ्रीसीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८पासून लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं. बीएडला पाठ टाचणात 'अध्ययनार्थीची पूर्वतयारी' असा रकाना असायचा. तो तरी आठवायला हवा होता.

अख्ख्या पानावरचं 'नन' काढलं. पान पुन्हा सरकायला लागलं, म्हणून मजकूर आखडून बसवायची गरज उरली नाही. अक्षरं मोठी केली, नस्तालीकला तिची उंची परत दिली.

बंदी फक्त चौकोनावर ठेवली. आणि तीही 'नन' नाही, 'पिंच-झूम'. म्हणजे चौकोनात एक बोट फिरलं तर ते लिहिणाऱ्याचं, ब्राउझरने मध्ये यायचं नाही. दोन बोटं ठेवली तर ती बघणाऱ्याची, मोठं करून द्यायचं. यात एक बारीक गोष्ट राहते. दोन बोटांतलं पहिलं बोट टेकतं तेव्हा पानाला वाटतं लिहायला सुरुवात झाली आणि निळा ठिपका उमटतो. दुसरं बोट आल्यावर झूम सुरू होतं तेव्हा ब्राउझर पानाला 'पॉइंटर कॅन्सल' असा निरोप धाडतो, म्हणजे तो स्पर्श तुझा नव्हता, सोडून दे. तो निरोप ऐकून ठिपका पुसायचा. आधी माझं पान तो निरोप ऐकतच नव्हतं, कारण सगळं आपलंच आहे असं ते धरून चाललं होतं.

'पुढचं अक्षर' या बटणावर 'मॅनिप्युलेशन' लावलं. पोरं ते धडाधड दोनदा दाबतात आणि मग पान उडी मारून मोठं होतं. तेवढं थांबलं, बाकी सगळं चालू राहिलं.

वरून ओढल्यावर पान पुन्हा लोड होणं थांबवायला 'ओव्हरस्क्रोल-बिहेविअर' नावाचा वेगळा नियम आहे, क्रोममध्ये तो २०१७च्या डिसेंबरपासून आहे. चौकोनात सुरू झालेली रेघ तर आता पान ओढतच नव्हती, पण पोराचं बोट चौकोनाच्या थोडं वर टेकलं तरी काम पुसलं जाऊ नये म्हणून तोही लावला.

एक गोष्ट मात्र माझ्या नियमाच्या बाहेरची निघाली. २०१९मध्ये आलेल्या अँड्रॉइड १०पासून फोनच्या कडेवरून बोट आत ओढलं की आपण मागच्या पानावर जातो, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. हा हुकूम फोनचा, ब्राउझरच्याही वरचा. पानाने कितीही शैली लिहिली तरी तो ऐकत नाही. आणि आमचं दुखणं असं, की मराठीची शिरोरेषा डाव्या कडेपासून सुरू होते आणि पुढे मी याच धर्तीवर उर्दूचं पान केलं तेव्हा 'बे'ची नाव उजव्या कडेपासून. दोन लिप्या शिकणाऱ्या पोराला दोन्ही कडांवरून मागे फेकलं जायचं! इथे भांडून उपयोग नव्हता. चौकोन दोन्ही कडांपासून बोटभर आत घेतला. आपल्या अखत्यारीत नसलेल्या नियमाशी जागा सोडून जुळवून घेतलं. आणि त्या समासाचा आणखी एक फायदा झाला, पान सरकवायला अंगठ्याला जागा मिळाली.

हे सगळं करायला दोन संध्याकाळी लागल्या. आधीची एक ओळ लिहायला एक मिनिट लागलं होतं. सरसकट बंदी नेहमीच स्वस्त पडते. कोणती हालचाल, कुठे आणि कोणासाठी थांबवायची, हे ठरवायला मात्र बसून माणसं आठवावी लागतात. मला पान करताना तिसरीतली चाळीस मुलं आठवली होती. त्यांच्या मागे बसून चोरून शिकणारी आजी आठवली नव्हती.

या लेखांमधून आपण बरेचदा तक्रार करतो, की निर्णय घेताना आम्हाला विचारलं नाही. पाठ्यपुस्तक असो, फॉर्म असो, सरकारी नोटीस असो, करणाऱ्याच्या डोळ्यासमोर आम्ही नव्हतो. ती तक्रार खरी आहे आणि मी पुढेही करणार आहे. पण या वेळी न विचारणारी मी होते आणि जिला विचारलं नाही ती माझ्याच घरात, शेजारच्या खोलीत होती. करणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळलं, की मनात दुष्टावा असावाच लागतो असं नाही. घाई पुरते. काम व्यवस्थित चाललंय असं वाटणं पुरतं. ज्यांचं अडलं त्यांचं गप्प राहणं तर सगळ्यात जास्त पुरतं.

पान तयार झाल्यावर अम्मीला दिलं. सांगितलं, तुझं बोट चांगलं आहे, मी पान चुकीचं केलं होतं. तिला ते लगेच पटलं नाही. चार महिने मनात धरलेली गोष्ट एका वाक्याने जात नाही. तिने दोन बोटं ठेवली, जरा घाबरतच फाकवली. 'ध' मोठा झाला. डाव्या खांद्यावरची गाठ, तिच्यावर नसलेली रेघ. तिने बराच वेळ पाहिलं. मग 'घ'वर गेली, तोही मोठा केला. पुन्हा 'ध'वर आली. "अच्छा," एवढंच म्हणाली आणि बोटाने गिरवायला लागली. 'भ' आणि 'म' यायला अजून अवकाश होता, तिथेही हीच गाठ आणि हीच रेघ. मी सांगणार होते, मग गप्प बसले.

आता ती बिल स्वतः वाचते. सावकाश, एकेक अक्षर जुळवत, आणि रक्कम वाचून झाल्यावर महावितरणला उर्दूत बोल लावते.

शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात तोच गोंगाट होता. माझ्या तोंडावर ते वाक्य आलं. मागच्या बाकावर एक मुलगी हातवारे करत शेजारणीला काहीतरी समजावत होती. थोडं पुढे जाऊन ऐकलं, तर ती 'ध' आणि 'घ'मधला फरक हवेत बोटाने काढून दाखवत होती. मी फक्त खिडकीजवळ मारामारी करणाऱ्या दोघांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. त्यांना तेवढ्याने कळलं. बाकीच्या हातांना मी घडी घालायला सांगितली नाही.